डोळे भरायचा चाकू

थंडी पडली की लोक स्वेटर काढतात. आमच्याकडे दगड निघतो.

दगड म्हणजे धार लावायचा दगड. साबणाच्या मोठ्या वडीएवढा, एका अंगाने खरखरीत, दुसऱ्या अंगाने मऊ. वर्षभर तो जुन्या टॉवेलात गुंडाळून माळ्यावर पडलेला असतो. दिवाळी उलटते, हातगाड्यांवर पेरू दिसायला लागतात, सकाळी फरशी पायाला चावते, आणि मग मी स्टुलावर चढून तो खाली काढतो आणि बादलीत बुडवतो. कोरड्या दगडातून बुडबुडे वर येत राहतात. ते थांबले की दगड प्याला, असं समजायचं. तोवर नुसतं बसून राहायचं. ऑफिसात दिवसभर कोणाला ना कोणाला घाई असते, त्यामुळे हे बसणं मला फार आवडतं.

यंदाही काढला. बिबवेवाडीतल्या आमच्या फ्लॅटची बाल्कनी एवढीशी, की पाट टाकून बसलं तर दार नीट उघडत नाही. खाली फॅब्रिकेशनच्या दुकानात लोखंड कापायचं मशीन किंचाळत असतं. शेजारच्या बाल्कनीत कोणीतरी कुकर लावलेला. एवढ्या गोंगाटात मी चाकू दगडावर टेकवला, जरा पुढेमागे केला, तोच आतल्या खोलीतून आवाज आला.

"उचलला तुम्ही."

माझ्या सासूबाई. त्या पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेल्या होत्या. मी दिसत नव्हतो, चाकूही दिसत नव्हता. पातं दगडावर ठरल्या उतारानेच बसलेलं असेल तर आवाज सलग, जरा ओलसर येतो. मनगट किंचित वर गेलं तर खरखर येते. मला ती खरखर शेजारी बसून ऐकू आली नव्हती. त्यांना भिंतीपलीकडून आली. मी मनगट खाली घेतलं. आतून पुन्हा काही आलं नाही, म्हणजे ठीक असावं.

सासूबाईंना मी आईच म्हणतो. त्यांनी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात केली, ऑपरेटर म्हणून. ट्रंककॉलच्या काळातल्या त्या. तीन मिनिटं संपत आली की लोकांच्या बोलण्यात मधेच शिरून सांगायचं, हे त्यांचं काम. त्याचा परिणाम असेल, पण त्यांचं स्वतःचं बोलणं कधी तीन वाक्यांच्या पुढे जात नाही. मी अमरावतीकडचा. आमच्याकडे जेवलात का हे विचारायलासुद्धा गावाला वळसा घालून येतात. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी कोथरूडला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्या अंगणातल्या खुर्चीवर बसून पेरू कापत होत्या. हातात छोटा, घडीचा चाकू. पेरूच्या फोडी अशा पडत होत्या, जशा काही आधीच कापून ठेवलेल्या होत्या आणि त्या फक्त सुट्या करत होत्या. मी कौतुकाने हात पुढे केला, बघू म्हणून. त्यांनी चाकू माझ्या हातात न देता शेजारच्या स्टुलावर ठेवला.

मला लागलं ते. जावयाच्या हातात चाकूसुद्धा देत नाहीत, असं मनात आलं. नंतर माझ्या बायकोने, मीनलने, सांगितलं की चाकू-कात्री हातातून हातात द्यायची नाही, भांडण होतं. खाली ठेवायची आणि दुसऱ्याने उचलायची. आमच्याकडे हेच मिरचीच्या बाबतीत पाळतात, त्यामुळे मला पटलं. मी आईंना विचारलं, तुमचा विश्वास आहे का ह्यावर? त्या म्हणाल्या, "नाही. पण भांडायला वेळ कोणाला आहे?"

तो चाकू मी त्या दिवशी स्टुलावरून उचलला आणि तेव्हापासून मला तो मनापासून आवडत आला आहे. मिटला की मुठीत मावतो. मूठ शिसवी लाकडाची, वर्षानुवर्षं हाताळून काळी-तुकतुकीत झालेली. पितळी टोकं झिजून गोल झालेली. पातं बोटभर. आपल्या स्वयंपाकघरातल्या सुरीला दोन्ही बाजूंनी उतार असतो. ह्याला एकाच बाजूने. दुसरी बाजू ताटासारखी सपाट. पेरू हे त्याचं फावल्या वेळचं काम. खरं काम गुलाबाचे डोळे भरणं.

पानाच्या बेचक्यात जी बारीक फुगवटी असते, तो डोळा. आपल्याला हव्या त्या गुलाबाचा डोळा पातळ सालीसकट कापून काढायचा. जंगली गुलाबाच्या खुंटाच्या सालीला इंग्रजी टीसारखी चीर द्यायची, साल दोन्हीकडून अलगद उचलायची आणि डोळा आत सरकवून पट्टीने बांधायचा. जमलं तर जंगली मुळांवर आपला गुलाब वाढतो. आणि हे जमणं सगळं धारेवर. बोथट पातं कापत नाही, चेचतं. चेचलेली साल काळी पडते आणि डोळा आतल्या आत मरतो. पुण्याची कोरडी थंडी ह्या कामाला चांगली, म्हणून आईंचा हिवाळा डोळ्यांचा.

धार लावायला त्यांनीच मला शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, त्या लावत आणि मी बघत असे. उताराची बाजू दगडावर नीट टेकवायची आणि दगडाचा पापुद्रा काढायचा आहे असं समजून पुढे न्यायची. पुन्हा. पुन्हा. मग सपाट बाजूवरून बोट आडवं फिरवलं की केसाएवढी वळलेली कड लागते. ती लागली म्हणजे घासणं धारेपर्यंत पोचलं. मग पातं उलटं, अगदी आडवं ठेवून एक हलका हात, आणि शेवटी सासऱ्यांच्या जुन्या कमरेच्या पट्ट्यावर उलटसुलट ओढायचं. एकदा मी धार बघायला अंगठा लावला. त्या म्हणाल्या, "अंगठा एकच आहे का तुम्हाला त्या हाताला? मग जपा." पातं खिडकीकडे धरून म्हणाल्या, "इथे बघा. धार दिसतेय?" मला एका जागी बारीक चकाकी दिसली. मी खुशीने हो म्हणालो. "मग नाहीये," त्या म्हणाल्या. धारेची कड इतकी पातळ असते की तिच्यावर उजेड ठरत नाही. जिथे चमकतं तिथे बोथट. हे ऐकून मी किती दिवस वेड्यासारखा प्रत्येक सुरी खिडकीकडे धरून बघत होतो.

दुसऱ्या एका वेळी मला बराच वेळ लागला, तर त्या आतून म्हणाल्या, "झाली का?" मी आमच्या सवयीने म्हणालो, "लावून राहिलो ना, आई."

"राहू नका. लावा."

ज्या हिवाळ्याची आठवण मला दरवर्षी ह्या दगडाबरोबर येते, तो दोन वर्षांमागचा. आईंची सोसायटी पुनर्विकासाला गेली. कोथरूडमध्ये आता हे नवीन नाही, प्रत्येक गल्लीत एखादी इमारत पत्र्यामागे गेलेली असते. संक्रांतीनंतर किल्ल्या द्यायच्या होत्या. आईंचा विरोध नव्हता. "इमारत म्हातारी झालीये, माणसासारखं तिचं औषधपाणी किती करणार," असं त्याच म्हणत. नवी इमारत होईपर्यंत आमच्याकडे राहायलाही, "पाहुणी म्हणून येईन," ह्या अटीवर तयार झाल्या. त्यांचा जीव फक्त एका ठिकाणी अडकला होता. तळमजल्याच्या त्यांच्या खिडकीबाहेर, कंपाउंडच्या भिंतीला टेकून त्यांचा गुलाब होता. कुठल्याशा प्रदर्शनात सासऱ्यांनी आणलेला. त्याच्या नावाची पट्टी कधीच गळून गेलेली. पिकलेल्या पपईच्या सालीत जरा गुलाबी मिसळावा तसा रंग, आणि वास येतो की नाही असा. कुठल्याही नर्सरीत तसा दुसरा मिळाला नव्हता. आईंनी पाकळ्या पिशवीत घालून दुकानादुकानात दाखवल्या होत्या. फांदी लावून बघितली, कुजली. मुळासकट काढायचा तर बुंधा भिंतीच्या पायात गेलेला. माळ्याने दोन्ही बाजूंनी फिरून बघितलं आणि मान हलवली. उरला मार्ग एक, डोळे भरणे.

आणि त्याच हिवाळ्यात त्यांचा उजवा हात थरथरायला लागला.

विचित्र थरथर होती. हात मांडीवर ठेवला की अंगठा आणि बोटं आपसात काहीतरी मोजत असल्यासारखी हलत. कामाला लागला की थांबत. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, पुढे वाढत जाईल हेही सांगितलं. आई घरी येताना रिक्षात म्हणाल्या, "माझा हात लोकांच्या उलटा आहे. काम नसलं की दमतो." मी हसलो, मीनल हसली नाही. ती रिक्षाबाहेर बघत राहिली.

मग तिने मायेपोटी जे केलं, ते आमच्याच घरात घडू शकतं. ती आवराआवर करायला कोथरूडला गेली होती. खाली सायकलवरचा धारवाला ओरडत आला. आईचा हात असा, तिला पुन्हा दगडावर घासत बसायला नको, म्हणून तिने घरातल्या सगळ्या सुऱ्यांबरोबर हाही चाकू त्याच्याकडे दिला. तो भला माणूस. त्याने मन लावून, चाकावर ठिणग्या उडवत, दोन्ही बाजूंनी धार काढून दिली. मीनलने तो आनंदाने आईसमोर टेबलावर ठेवला, तेव्हा मीही नुकताच ऑफिसातून तिथे पोचलो होतो.

आईंनी चाकू उघडला. खिडकीकडे धरला. पात्याच्या कडेला टोकापासून अर्ध्यापर्यंत निळी झाक आली होती, आणि सपाट बाजूला आता उतार होता. त्यांनी तो मिटला.

"छान. आता भोपळा कापता येईल ह्याने."

आणि स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवून तिथेच उभ्या राहिल्या. आधण उकळून आटलं तरी चहापूड पडली नाही. तेव्हा मी आत गेलो आणि गॅस बंद केला. त्या मला म्हणाल्या, "मिनूला सांगू नका किती बिघडलंय ते." पण तिला कळलं होतंच. ती बाहेर सोफ्यावर रडत होती.

मी रातोरात, म्हणजे फोनवरूनच, एक परदेशी चाकू मागवला. डोळे भरायचाच, चकचकीत. आईंनी तो उघडून बघितला, फांदीवर एक काप घेतला, खाली ठेवला. "धार चांगली आहे. पण हा कुठे वळतो ते मला माहीत नाही. आणि आता माहिती करून घ्यायला हात तेवढा वेळ देणार नाही." मला पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात भीती ऐकू आली.

त्यांच्याच आग्रहाने आम्ही कसबा पेठेत गेलो. गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून पुढे चालत. देवळापुढची फुलवाली, तांब्याच्या भांड्यांवर पडणारे हातोडे, एकमेकांच्या अंगावरून जाणाऱ्या दुचाक्या, आणि मधोमध आई, पर्स पोटाशी धरून, सरळ. अवजारांचं एक जुनं दुकान त्यांना ठाऊक होतं. गल्ल्यावर त्यांच्याच वयाचे मालक पेपर वाचत होते.

"जाड दगड दाखवा," आई म्हणाल्या.

"कशाला?"

"धार लावायला."

"ते कळलं. धार कशाला लावायची?"

आईंनी चाकू काउंटरवर ठेवला. मालकांनी पेपर बाजूला केला, चाकू उचलला, उघडला, चष्मा कपाळावर सारून बघितला. बराच वेळ बघितला. "पोलाद चांगलं आहे. होतं. निळं दिसतंय तिथलं पाणी उतरलंय, मऊ पडलंय. चाकावर तापवलाय." मग म्हणाले, "नवीन घ्या की."

"नवीन घ्यायचा असता तर दगड मागितला असता का?"

मालकांनी आईंकडे पहिल्यांदा नीट बघितलं. आतून दगड आणला. "निळं संपेपर्यंत मागे यावं लागेल. सपाट बाजू पुन्हा सपाट करावी लागेल. हाताने, पाण्यात. चाक नाही." थांबून म्हणाले, "पातं अरुंद होईल." आई म्हणाल्या, "होऊ दे. मीही झालेय."

पुढचे सगळे शनिवार-रविवार मला दगडाच्या वासाने आठवतात. ओल्या दगडाला आणि झिजत्या लोखंडाला मिळून एक वास येतो, पावसाळी गजासारखा. आईंच्या घरातले पंखे उतरवलेले, भिंतींवर कॅलेंडरच्या जागी पांढरे चौकोन, अर्धे शेजारी गेलेले. वरच्या मजल्यावर कोणाच्या तरी दरवाजाच्या चौकटी काढण्याचे घाव पडायचे. खाली आम्ही दोघं, मध्ये परात, परातीत ओला फडका, फडक्यावर दगड. काळपट गाळ बोटांच्या रेषांत बसायचा आणि सोमवारी ऑफिसात कीबोर्डवर हात ठेवला की दिसायचा. मटार सोलत मीनल शेजारी बसायची. आई दोन दाणे तोंडात टाकून तिला म्हणाल्या, "अगं, मायेने केलंस ते. माया बोथट असली तरी भागतं. चाकूचं भागत नाही, एवढंच." मीनलने शेंगांची टोपली त्यांच्याकडे सरकवली आणि त्या दिवसापासून घरातलं वातावरण निवळलं.

आणि तो हात. मांडीवर असताना सैरभैर झालेला तो हात दगडाजवळ गेला, पातं टेकलं, की शांत व्हायचा. अगदी शांत. बोटं पात्यावर पसरायची, मनगट ठरायचं, आणि हात पुढे जायचा तो सरळ, मागे यायचा तो सरळ. मी कितीतरी माणसं मन एकाग्र करताना बघितली आहेत. डोळे मिटून, माळ घेऊन, ॲप लावून. मला खरी एकाग्रता तिथे दिसली, परातीत. त्यांच्यासमोर बसून मला वाटायचं की हे असंच चालू राहावं, पातं कधी नीटच होऊ नये. पण ते होत होतं. निळी झाक दर वेळी जरा पुढे सरकून कडेवरून नाहीशी होत होती. सपाट बाजू ठेवली की दगडाला चिकटायला लागली. एका दुपारी त्यांनी पातं खिडकीकडे धरलं, मला बोलावलं आणि दाखवलं. मूठ होती, पातं होतं, पण कडेला काहीच दिसत नव्हतं.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी डोळे भरले. रिकाम्या पार्किंगमध्ये कुंड्यांतल्या जंगली खुंटांची ओळ, त्यासमोर पाट. मी गुलाबाच्या फांद्या कापून, काटे काढून ओल्या कापडात ठेवल्या. आईंनी पहिला डोळा काढला. चाकू सालीखालून असा गेला की आवाज झाला नाही. चीर दिली, साल उचलली, डोळा सरकवला. मी पट्टी बांधली. दुसरा. तिसरा. थंडी असून त्यांच्या वरच्या ओठावर घाम होता. मग एका खुंटावर पातं टेकलेलं असताना, काम चालू असतानाच, हात हलला. साल वाकडी फाटली. त्यांनी थोडं थांबून पुन्हा लावला, पुन्हा हलला. चाकू पाटावर ठेवून त्या बाजूला सरकल्या.

"आता तुम्ही."

"आई, मी कधी केलं नाहीये."

"बघितलंय. श्वास सोडा आणि मग कापा. दाबू नका, त्याला माहीत आहे."

मी चाकू उचलला. मला वाटलं होतं जोर लागेल. काहीच लागला नाही. पातं सालीतून गेलं आणि हिरवी ओल दिसली, एवढंच. इतके दिवस आम्ही जे घासत होतो ते काय होतं, हे मला त्या क्षणी हाताला कळलं. उरलेले सगळे मी भरले. मीनल कुंड्यांना नावाच्या पट्ट्या लावायला निघाली, कोणते आईचे, कोणते माझे. आई म्हणाल्या, "काही लिहू नकोस. झाडाला त्याचं काय."

कुंड्या टेम्पोत गाद्यांच्या मधे बसून बिबवेवाडीला आल्या. किल्ल्या द्यायला मीनल एकटीच गेली. परत आली तेव्हा चपला काढत असताना आईंनी विचारलं, "आहे का?" मीनल म्हणाली, "भिंतच पाडली त्यांनी. गेला." आईंनी मान हलवली आणि दूरदर्शनचा आवाज वाढवला. बातम्यांत शेअर बाजार चालला होता, ज्याच्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. आता तो गुलाब जगात असला तर आमच्या बाल्कनीत होता, पट्ट्यांखाली.

डोळा काढताना त्याच्या पानाचा देठ तेवढा ठेवतात, धरायला सोपं जावं म्हणून. काही आठवड्यांनी त्या देठाला बोट लावून बघायचं. देठ वाळून तसाच चिकटून राहिला, तर डोळा मेला. नुसत्या स्पर्शाने गळून पडला, तर आत जीव आहे. झाडाने डोळा आपला मानला आणि जुना देठ टाकून दिला. मला हे उलटं वाटत आलं आहे, पण झाडांचं तसंच असतं.

त्या सकाळी आई शाल घेऊन बाल्कनीच्या दारात खुर्चीवर बसल्या. "तुम्ही लावा बोट. माझं लागलं तर मेलेलाही पडेल."

मी पहिल्या कुंडीतल्या देठाला बोट लावलं. चिकटलेला. पट्टीखाली काळं दिसत होतं. दुसरा चिकटलेला. पुढचाही. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. ओळ संपत आली. कठड्याजवळच्या कुंडीतल्या देठाला मी बोट लावलं, म्हणजे लावलं की नाही अशा बेताने, आणि तो मातीत पडला. त्याच्या जागी मुगाएवढा हिरवा, टच्च डोळा होता.

मागून आवाज आला, "पडला?"

"पडला."

"कोणाचा?"

कठड्याजवळची कुंडी कोणाची ते मला पक्कं माहीत होतं.

"तुमचा," मी म्हणालो.

आई खुर्चीवरून उठल्या, दाराला धरून, मग कठड्याला धरून कुंडीपाशी आल्या. चष्मा सारखा केला. वाकल्या. थरथरत्या अंगठ्याचं नख त्यांनी पट्टीखालच्या चिरेवरून वरून खालपर्यंत फिरवलं.

"माझी चीर एवढी लांब नसते," त्या म्हणाल्या. "तुमचा आहे. खोटं बोलायचं तर आधी नीट बघून बोलावं."

मी मातीतला देठ उचलला. खालच्या दुकानातलं मशीन सुरू झालं आणि थांबलं. त्या अजून तिथेच वाकलेल्या होत्या, नख चिरेवर.

"पण लागलाय हो," त्या म्हणाल्या. "लागलाय."